लायब्ररीच्या दारावर सूचना लागण्याआधी

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या माणसाला जीपीकडे (नेहमीच्या डॉक्टरकडे) नाव कसं घालायचं, शाळेचा अर्ज कधी भरायचा, काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथल्या पालिकेचा कर, किती बसेल हे कुणी ना कुणी सांगतंच. पण त्या टॅक्समधून चालणारी लायब्ररी, ज्येष्ठांचं डे सेंटर, मुलांचे सुट्टीतले क्लब ठेवायचे की गुंडाळायचे हे कुठे ठरतं, ते सहसा कुणी सांगत नाही. मग एक दिवस दारावर सूचना लागते आणि सगळे हळहळतात. तोवर करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. म्हणून काउन्सिलच्या स्क्रूटिनी कमिटीबद्दल, म्हणजे निर्णयांची छाननी करणाऱ्या समितीबद्दल, हे लिहिते आहे.

आधी इथली व्यवस्था समजून घ्या, कारण ती आपल्या महापालिकेसारखी नाही. पुण्यात किंवा मुंबईत कारभाराची सूत्रं आयुक्तांच्या हातात असतात आणि नगरसेवकांची स्थायी समिती खर्चाला मंजुरी देते. इथे बहुतेक मोठ्या काउन्सिलांत लीडर आणि त्यांचं कॅबिनेट निर्णय घेतं. ही सगळी निवडून आलेली माणसं, आणि कायद्याने लीडर धरून दहापेक्षा जास्त नाहीत. 2000 सालच्या लोकल गव्हर्न्मेंट ॲक्टने ही पद्धत आणली आणि तिच्यावर लक्ष ठेवायला उरलेल्या काउन्सिलरांमधून (नगरसेवकांमधून) स्क्रूटिनी कमिटी नेमायला सांगितलं. कॅबिनेटच्या सदस्याला या कमिटीवर बसता येत नाही. 2011 च्या लोकॅलिझम ॲक्टनंतर काही काउन्सिलांनी जुनी कमिटी पद्धत परत आणली आहे, तेव्हा तुमच्या भागात काय चालतं ते एकदा वेबसाइटवर बघून घ्या.

स्क्रूटिनीला स्थायी समिती समजून गेलात तर निराश व्हाल. तिला पैसा अडवता येत नाही की निर्णय रद्द करता येत नाही. ती कॅबिनेटच्या सदस्यांना आणि ऑफिसरांना (काउन्सिलच्या पगारी अधिकाऱ्यांना) बोलावून समोर बसवू शकते, आणि त्यांना यावंच लागतं. ती शिफारशी करू शकते, आणि तिने रीतसर मागितलं तर कॅबिनेटला दोन महिन्यांत उत्तर द्यावं लागतं. झालेला पण अजून अंमलात न आलेला निर्णय ‘कॉल-इन’ करून फेरविचाराला परत पाठवता येतो. त्यासाठी किती काउन्सिलरांच्या सह्या लागतात ते प्रत्येक काउन्सिलचं आपापलं असतं, आणि मुदत बहुतेक ठिकाणी जेमतेम पाच कामाचे दिवस. फेरविचार करून कॅबिनेट तोच निर्णय पुन्हा घेऊ शकतं, आणि पुष्कळदा घेतंही.

मग या कमिटीकडे जायचं कशाला? कारण तिचा खरा उपयोग निर्णयाच्या आधी होतो. प्रस्ताव कच्चा असताना, आकडे अजून हलवता येत असताना, चार सदस्यांनी सगळ्यांसमोर विचारलेला प्रश्न ऑफिसरला मसुद्यात उतरवावा लागतो. नंतरच्या मोर्च्याने जे साधत नाही ते पुष्कळदा तिथे साधतं.

ब्रेंटचं उदाहरण आपल्या लोकांना जवळचं आहे. 1932 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू लंडनच्या याच बरोमध्ये (स्वतःची काउन्सिल असलेल्या विभागात), डॉलिस हिलला आहे. 2011 मध्ये ब्रेंट काउन्सिलने आपल्या बारापैकी सहा लायब्रऱ्या बंद करायचं ठरवलं. मंडळापासून जवळच्या नीसडन आणि क्रिकलवुडच्या त्यात होत्या, आणि 1900 साली मार्क ट्वेनने उद्घाटन केलेली केन्सल राइझचीही होती. लोकांनी निकराने लढा दिला, वर्गणी काढली, हायकोर्टात गेले. ऑक्टोबरमध्ये तिथे हरले आणि डिसेंबरमध्ये अपील कोर्टातही हरले. 1964 च्या कायद्याने लायब्ररी सेवा देणं काउन्सिलला बंधनकारक आहे, तरीही. काउन्सिलने कायदा पाळला का, इतकंच कोर्ट बघतं. निर्णय शहाणपणाचा आहे का हे ठरवणं त्याचं काम नव्हे. तो प्रश्न विचारायची हक्काची जागा स्क्रूटिनी. पुढे केन्सल राइझ आणि प्रेस्टनच्या लायब्रऱ्या स्वयंसेवकांनी पुन्हा उभ्या केल्या. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पगारी ग्रंथपालाचं काम वर्षानुवर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फावल्या वेळेवर चालावं, हे मला पटत नाही.

आता बैठकीत काय होतं ते सांगते. आमच्या भागात ज्येष्ठांचं दुपारचं जेवण एका हॉलमधून दुसऱ्या इमारतीत हलवायचा प्रस्ताव आला होता. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की नवी जागा ‘बसने सोयीची’ आहे. आमच्या ओळखीच्या एक आजी नावनोंदणी करून बोलायला गेल्या. तीन मिनिटं मिळाली. भाषण केलं नाही, की संस्कृती आणि परंपरा काढली नाही. कोणती बस, कुठे बदलायची, दुसऱ्या स्टॉपवर बसायला बाक नाही, आणि वॉकर घेऊन तिथे उभं राहायला लागलं तर त्या येणंच सोडतील, एवढंच मराठीत सांगितलं. नातीने इंग्रजीत केलं. चेअरनी लगेच ऑफिसरकडे वळून विचारलं, या मार्गाने तुम्ही स्वतः गेला आहात का? ते गेले नव्हते. जेवण हललंच, पण कमिटीच्या शिफारशीवरून आठवड्यातले दोन दिवस मिनीबस सुरू झाली. आजींना पाच दिवस हवी होती. दोन मिळाले.

तसंच करा. तुमच्याजवळ असलेला आणि रिपोर्टमध्ये नसलेला तपशील घेऊन जा. सह्यांचा गठ्ठा चालतो, पण कमिटीला प्रश्न विचारायला हत्यार लागतं, आणि ते असल्या तपशिलात असतं. 2013 च्या फ्रान्सिस अहवालाने मिड स्टॅफर्डशायरच्या हॉस्पिटलमधल्या हलगर्जीपणाबद्दल लिहिताना तिथल्या स्थानिक स्क्रूटिनी कमिट्यांनाही दोष दिला होता: समोर ठेवलेलं त्यांनी फार सहज मान्य केलं. सदस्य आळशी असतात असं नाही. पण त्यांच्यापुढे ऑफिसरांचाच कागद असेल तर ते दुसरं काय विचारणार?

वेळापत्रक डोक्यात ठेवा. महत्त्वाच्या निर्णयाची सूचना किमान 28 दिवस आधी द्यावी लागते; वेबसाइटवर ‘फॉरवर्ड प्लॅन’ नावाखाली ती यादी सापडते. महिन्यातून एकदा चाळायची सवय लावा. बैठकीचा अजेंडा आणि रिपोर्ट किमान पाच कामाचे दिवस आधी लागतात. त्यात जोडलेलं समानतेवरच्या परिणामाचं परिशिष्ट आधी उघडा, कारण वृद्ध, अपंग, कमी इंग्रजी येणारे यांच्याबद्दल काउन्सिलने काय गृहीत धरलंय ते तिथे उघडं पडतं. सगळ्यात मोठा मोसम म्हणजे बजेट. कपातीचे प्रस्ताव साधारण शरद ऋतूत बाहेर येतात, डिसेंबर-जानेवारीत स्क्रूटिनी त्यावर बसते आणि फेब्रुवारीत फुल काउन्सिल मत देते, कारण 11 मार्चच्या आत टॅक्स ठरवावाच लागतो. आपली मंडळी नेमकी डिसेंबरात भारतात जातात. जा, पण त्याआधी ईमेल पाठवून जा.

लंडनच्या बरोंमध्ये आणि काउंटी काउन्सिलांमध्ये एक नेमलेला स्क्रूटिनी ऑफिसर असतो. त्याला सरळ लिहा: अमुक सेवा आम्ही वापरतो, या विषयावर टास्क ग्रुप (कमिटीचा छोटा अभ्यासगट) बसणार असेल तर साक्ष द्यायला येऊ. असं पत्र आलं की त्यांना बरं वाटतं, कारण माणसं मिळत नाहीत. सोबत वॉर्डच्या काउन्सिलरलाही सर्जरीत, म्हणजे लोकांना भेटायच्या त्याच्या ठरलेल्या वेळेत, जाऊन भेटा. विषय कमिटीपुढे आणायचा हक्क त्याला आहे.

बैठका सर्वांना खुल्या असतात, नागरिकत्व कुणी विचारत नाही. आणि मत? भारतीय पासपोर्टवर, स्टुडंट किंवा वर्क व्हिसावर असलात तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून तुम्हाला इथे मतदान करता येतं. नाव मात्र स्वतः नोंदवावं लागतं. मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. नोंदणीला पाच मिनिटं लागतात, नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा.