काजूच्या बुंध्याशी भुसा दिसला तर

बेळगाव जिल्ह्यात खानापूर-जांबोटीकडे काजूची पानं पिवळी पडली की आधी खताची गोणी आणली जाते. थांबा, आधी बुंधा बघा. जमिनीलगत सालीतून डिंक आणि लाकडाचा भुसा बाहेर येत असेल, तर तो रोठा आहे, म्हणजे खोडकिडा. या किडीचा भुंगा सालीच्या भेगांत अंडी घालतो आणि त्यातून निघालेली अळी आतली साल खात फिरते. पोखरलेली साल पटाशीने जपून काढा, बोगद्याचा माग घ्या, तारेने अळी ओढून मारा. निरोगी साल उगाच सोलू नका! उघड्या जखमेत बुरशी शिरते, म्हणून १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी या मापाने बोर्डो पेस्ट लावा. उघडी मुळं मातीने झाका. अर्ध्याहून जास्त घेर पोखरलेलं झाड मात्र वाचत नाही. ते मुळासकट काढून लगेच जाळा, सरपण म्हणून बागेत रचू नका.