सिस्टरच्या वहीपासून जिल्ह्याच्या आराखड्यापर्यंत: खान्देशातल्या परिचारिकांनी आरोग्य धोरणात आपलं म्हणणं कसं उतरवावं

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोदा पट्ट्यात मी आधी आरोग्य सेविका आणि पुढे आरोग्य सहायिका म्हणून नोकरी केली. एका उपकेंद्रात सलग तीन उन्हाळे प्रसूतीच्या खोलीत नळाला पाणी नव्हतं. मासिक सभेत मी दर वेळी सांगायचे, "सर, पाणी नाही." दर वेळी उत्तर यायचं, "वर कळवलंय." चौथ्या वर्षी मी नुसतं सांगणं सोडलं आणि वही सुरू केली. कोणत्या तारखेला पाणी नव्हतं, किती हंडे कुणी आणि कुठून आणले, कोणती बाई केवळ पाण्याअभावी पुढे ग्रामीण रुग्णालयात पाठवावी लागली, एवढंच लिहायचे. जूनमध्ये बायांची नावं गाळून गावनिहाय आकड्यांचं एक पान केलं आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत सरपंचांपर्यंत पोहोचवलं. पुढे पाठवलेल्यांत पाच बाया त्यांच्याच गावच्या होत्या. ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून पाइपलाइन टाकली, पावसाळा संपायच्या आत.

राजकारण म्हटलं की आपल्या बायका बिचकतात. पण पैसा कुठे जायचा हे ठरवणं म्हणजेच राजकारण, आणि ते ठरतं त्या टेबलापर्यंत सिस्टरचा कागद पोहोचायला हवा.

पहिली पायरी: वही

रजिस्टरं भरून हात दुखतात हे मला माहीत आहे. तरी ही एक वही स्वतःची ठेवा. त्यात एकच प्रश्न धरा, दहा नकोत. रुग्णाचं नाव, आजार, फोटो यातलं काहीही वहीबाहेर जाऊ देऊ नका. बाहेर जातो तो फक्त आकडा.

आकडा कसा बोलतो ते बघा. उपकेंद्राचा निकष आहे सपाटीवर 5,000 लोकसंख्येला एक आणि आदिवासी-डोंगरी भागात 3,000 ला एक. कागदावर ठीक वाटतं. पण धडगाव किंवा मोलगीकडचे 3,000 लोक एका गावात राहत नाहीत, ते पाड्यापाड्यांवर विखुरलेले असतात. त्या निकषात चढाई मोजलेली नाही. एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जायला किती तास लागतात, गाडीच्या रस्त्यापर्यंत बाईला झोळीतून किती अंतर आणावं लागतं, हे फक्त तिथल्या सिस्टरला आणि आशाताईला माहीत असतं. "मनुष्यबळ वाढवा" ही मागणी फाइलमध्ये विरून जाते. "या सात पाड्यांना एक फेरी मारायला तीन दिवस लागतात, म्हणून इथे दुसरी सेविका द्या" ही मागणी बाजूला सारणं अवघड जातं.

स्थलांतराचंही तसंच. दिवाळीनंतर सातपुड्यातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत आणि इतर जिल्ह्यांत जातात आणि बरीचशी होळीला परततात. लसीकरणाचं वेळापत्रक मात्र वर्षभर एकाच चालीने चालतं. कोणत्या पाड्यावरून किती बाळं कोणत्या आठवड्यात गेली हे वहीत असेल, तर "आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जादा सत्रं दिवाळीआधी आणि होळीनंतर लावा" हे तुम्ही ठामपणे म्हणू शकता. हे म्हणणं धोरणाचंच आहे, आणि ते सुचायला मंत्रालयात बसावं लागत नाही.

दुसरी पायरी: कागद कुठे बनतो ते ओळखा

गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. पीएचसीत आणि मोठ्या रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते आणि तिच्या हातात थोडा का होईना निधी असतो. या सभांना सिस्टर जाते, सही करते आणि लसीची पेटी घेऊन निघते. असं करू नका. सभेच्या आठ दिवस आधी आपला विषय लेखी द्या, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येतो. सभा संपली की इतिवृत्तात तो कसा लिहिला गेला ते वाचा. इतिवृत्तात नसलेलं पुढच्या सभेत कुणालाच आठवत नाही.

वेळ सांभाळा. ग्रामपंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची तयारी 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून जोर धरते. त्याच हिवाळ्यात जिल्हा वार्षिक योजनेची आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानाची आखणी होते आणि मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येतो. म्हणजे शेतात कापूस वेचणी सुरू असते तेव्हाच आपली मागणी कागदावर हवी. एप्रिलमध्ये केलेली मागणी एक वर्ष मागे पडते. जिल्ह्याच्या योजनेला जिल्हा नियोजन समिती मंजुरी देते आणि तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, हेही ध्यानात असू द्या.

नंदुरबारसारख्या पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागात, आणखी एक दार आहे. आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी (ठरावीक कामाला न बांधलेला पैसा) थेट तिथल्या ग्रामपंचायतींना मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेत ठरतं. उपकेंद्राचा सौर दिवा, माहेरघरातल्या (प्रसूतीआधी बाईला राहायच्या खोलीतल्या) खाटा, असले विषय तिथे मांडता येतात. पावरीत किंवा भिलीत बोलणारी सेविका असेल तर तिनेच बोलावं. तिच्या तोंडून आलेलं गावाला पटतं.

तिसरी पायरी: कुंपण कुठे आहे ते जाणून घ्या

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू आहेत आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना त्यांचे वेगळे वर्तणूक नियम. नोकरीत असताना पक्षाचं सदस्यत्व, प्रचार, उमेदवारी हे चालत नाही. शासनावर जाहीर टीका करणारी पोस्ट महागात पडू शकते. बदलीसाठी आमदाराची चिठ्ठी आणणं तर मुळीच नको. ते नियमात बसत नाहीच, शिवाय उद्या तुम्ही सगळ्यांच्या प्रश्नावर बोललात तरी लोकांना ती चिठ्ठी आठवते. कंत्राटी बहिणींनी आपल्या करारातल्या अटी नीट वाचाव्यात.

पण कुंपणाच्या आत बरंच रान मोकळं आहे. संघटनेत काम करता येतं. रिक्त पदांची माहिती नागरिक म्हणून माहिती अधिकारात मागता येते: शुल्क 10 रुपये, अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. आमदारांना निवेदन द्यायचं ते संघटनेच्या नावाने आणि अधिवेशनाच्या बऱ्याच आधी, कारण तारांकित प्रश्न (ज्याचं तोंडी उत्तर मंत्री सभागृहात देतात) आधीच द्यावा लागतो. निवेदन एका पानाचं करा. सर्वांत वर मागणी, खाली वहीतले आकडे. प्रश्नाचा मसुदाही सोबत जोडा; कामाने वेढलेल्या स्वीय सहायकाला त्याची फार मदत होते.

चौथी पायरी: एक यादी, जी आपण विसरतो

धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे जिल्हे विधान परिषदेच्या नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघात येतात, नाशिक आणि अहिल्यानगरसोबत. बीएस्सी नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी झालेली, इथे राहणारी परिचारिका तिथे मतदार होऊ शकते. अट अशी की 1 नोव्हेंबर या अर्हता दिनांकाच्या किमान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली हवी. जीएनएम या नर्सिंग पदविकेवर हे मत मिळत नाही. आणि ही मतदार यादी दर निवडणुकीला नव्याने बनते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेल असं समजू नका, नमुना 18 हा नोंदणीचा अर्ज पुन्हा भरावा लागतो. मागची निवडणूक जानेवारी 2023 मध्ये झाली आणि मुदत सहा वर्षांची असते.

यासाठी मी पोटतिडकीने सांगते. शिक्षक आणि वकील आपली नावं गठ्ठ्याने नोंदवतात, म्हणून उमेदवार त्यांच्या दारात जातात. सिव्हिलमधल्या, मेडिकल कॉलेजमधल्या, खासगी दवाखान्यातल्या पदवीधर सिस्टरांनी एकेका वॉर्डात एक दुपार देऊन अर्ज भरले, तर तेच उमेदवार नर्सिंग स्टाफ रूमचाही पत्ता विचारतील.

आणि उभं राहायचं असेल तर

निवृत्त आणि खासगी सेवेतल्या परिचारिकांना ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद सगळं खुलं आहे, आणि निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. गावात ज्या बाईने दोन पिढ्यांची बाळंतपणं केली, तिला ओळख करून द्यावी लागत नाही. अर्जाआधी कागद तपासा: राखीव जागा असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, शौचालय वापराचा दाखला, आणि 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या अपत्यांबाबतची दोन मुलांची अट.

जिल्हा परिषदेत निवडून आलात की विषय समित्या वाटल्या जातात. बांधकाम आणि अर्थ समितीसाठी ओढाताण होते. तुम्ही आरोग्य समिती मागा, आणि पहिल्याच सभेत तालुकावार रिक्त पदांचा तक्ता लेखी मागून घ्या.