शोलापूर, सोलापूर आणि ‘मिल-हँड’: पीएचडीचे संदर्भ शोधताना

पीएचडीची नोंदणी झाली तेव्हा मी तालुक्याच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. विषय होता सोलापूरचे गिरणी कामगार. पहिल्याच महिन्यात एका परदेशी नियतकालिकातला लेख हवा होता, म्हणून खिशातून जवळजवळ तीन हजार रुपये भरले. आठवड्यानं आमच्या ग्रंथपाल मॅडमपाशी सहज विषय काढला, तर त्यांनी तोच लेख पाच मिनिटांत स्क्रीनवर उघडून दिला. “सर, एन-लिस्टवर तुमची नोंदणी मी केव्हाच केलीय. मेल बघितला नाहीत का?”

म्हणून नव्यानं कामाला लागणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं: आधी ग्रंथपालांकडे जा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ-ग्रंथालयांसाठीच्या केंद्राची एन-लिस्ट ही ऑनलाइन नियतकालिकं-पुस्तकं वाचायला देणारी योजना कॉलेजांसाठीच आहे. कॉलेज वर्षाची फी भरतं, ग्रंथपाल शिक्षकांची नावं नोंदवतात, लॉगिन मेलवर येतं आणि घरी बसूनही वाचता येतं. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधन-नियतकालिकं वाचायला देणारी योजनाही सुरू झालीय. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात आहेत. तुमचं कॉलेज त्यात नसेल, तर पीएचडीची नोंदणी ज्या विद्यापीठात आहे तिथल्या ग्रंथालयात चौकशी करा.

लॉगिन मिळालं तरी शोधायचं कोणत्या शब्दानं, हा प्रश्न उरतोच. माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं. मी ‘सोलापूर’ आणि ‘वर्कर’ टाकत राहिलो, हाती फारसं काही लागेना. इंग्रजी अमदानीतल्या कागदांत गाव ‘शोलापूर’ आहे आणि कामगार ‘मिल-हँड’ किंवा ‘ऑपरेटिव्ह’. हे शब्द टाकले आणि १९२१ पासून मुंबई सरकारनं काढलेल्या ‘लेबर गॅझेट’चे अंक, जुने अहवाल, सगळं भराभर वर आलं. ‘जॉबर’ (गिरणीत कामगार भरती करणारा मुकादम) या एका शब्दानं तर मला अख्खं प्रकरण मिळवून दिलं. तुमचा विषय कुठलाही असो, त्या काळचे लोक त्या गोष्टीला काय म्हणत, ते शब्द आधी वहीत उतरवून घ्या. स्कॅन केलेल्या पुस्तकांत मशीन अक्षरंही चुकीची वाचतं. १८८४ चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर वाचताना शोधपेटीनं ‘काही नाही’ सांगितलं तरी मी अनुक्रमणिका उघडून पानं चाळतो. तिथं माहिती असतेच.

शोधगंगेबद्दल, म्हणजे भारतातल्या विद्यापीठांच्या प्रबंधांच्या मोफत ऑनलाइन संग्रहाबद्दल, थोडं सविस्तर सांगतो. तिथं प्रबंध अखंड नसतो, प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ असते. बहुतेक जण पहिलं प्रकरण उघडतात. मी संदर्भसूचीची फाइल आधी उघडतो. आपल्याच विषयाजवळ कुणी चार-पाच वर्षं राबलेलं असतं. कोणत्या दप्तरखान्यात काय आहे, कोणती मराठी वृत्तपत्रं कुठे ठेवलीत, हे त्या आठ-दहा पानांत मिळून जातं. मराठी प्रबंधांची शीर्षकं कुठे देवनागरीत असतात, कुठे रोमन लिपीत. ‘गिरणी’ रोमनमध्ये दोन-तीन तऱ्हांनी लिहून बघावं लागतं. आणि जुना प्रबंध श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल, तर मजकूर कॉपी केल्यावर नुसती रोमन चिन्हं उमटतात. अशा प्रबंधात शब्दशोध चालत नाही, डोळ्यांनीच वाचायला लागतं. इतकं मोलाचं मराठी संशोधन शोधयंत्रांना दिसतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गुगल स्कॉलरवर लेखाखाली दोन लिंका असतात, त्या वापरा. ‘साइटेड बाय’नं नंतरचं संशोधन कळतं. ‘ऑल व्हर्जन्स’मध्ये बऱ्याचदा लेखकानं स्वतः ठेवलेली मोफत प्रत सापडते. नाहीच सापडली तर लेखकाला चार ओळींचा मेल करा. मला दोन परदेशी प्राध्यापकांनी एका दिवसात लेख पाठवले होते. पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानं जुने ग्रंथ स्कॅन करून खुले केलेत, अर्थशास्त्र-समाजशास्त्रवाल्यांनी ते चुकवू नयेत.

आणि फाइल उतरवली की त्याच क्षणी तिला नाव द्या: लेखक, वर्ष, विषय. झोटेरो हे संदर्भ साठवून ठेवायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात टाकलीत तर उत्तमच. माझ्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाच्या दोनशे पीडीएफ साठल्या होत्या. प्रबंध सादर करायच्या आदल्या महिन्यात एका तळटीपेच्या पान क्रमांकासाठी त्यातल्या एकेक उघडत मी दोन रात्री बसलो होतो.