कमी बजेटचा बेसबॉल संघ मागे का पडतो, हे कसे तपासावे

आयपीएल पाहता पाहता बेसबॉलकडे वळलेल्या मराठी प्रेक्षकाने सर्वप्रथम लिलावाची चौकट मनातून काढून टाकावी. २०२५ च्या मोठ्या लिलावासाठी आयपीएलच्या प्रत्येक संघाला सारखीच, १२० कोटी रुपयांची मर्यादा होती. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमधील ३० संघांच्या पगारखर्चावर मात्र अशी कमाल मर्यादा नाही आणि किमान मर्यादाही नाही. ठरावीक रकमेपलीकडे गेलेल्या संघाला जादा कर भरावा लागतो, एवढेच बंधन आहे. ही रक्कम २०२५ मध्ये २४ कोटी १० लाख डॉलर होती आणि सधन संघ तो कर भरूनही खर्च करत राहतात.

त्यानंतर संघाचे उत्पन्न पाहावे, आणि त्यात स्थानिक दूरचित्रवाणीचा करार आधी पाहावा. लॉस एंजेलिस डॉजर्सचा २०१४ पासूनचा करार २५ वर्षांसाठी सुमारे ८३५ कोटी डॉलरचा आहे. प्रत्येक संघाच्या स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के हिस्सा एकत्र करून सगळ्या संघांमध्ये समान वाटला जातो हे खरे, परंतु उरलेला हिस्सा ज्याचा त्याच्याकडेच राहत असल्याने मोठ्या शहराची आघाडी कमी झाली तरी पुसली जात नाही. मार्च २०२३ मध्ये चौदा संघांचे सामने दाखवणारी डायमंड स्पोर्ट्स ग्रुप ही कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा लहान शहरांतील संघांचा हा आधारही डळमळीत झाला.

आता मुख्य तपासणी. संघातील खेळाडूंची यादी घ्यावी आणि प्रत्येकाच्या नावापुढे त्याची सरासरी न लिहिता तो फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करण्यास मोकळा, होण्यास किती हंगाम उरले आहेत, तो आकडा लिहावा. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत खेळाडू त्या संघाकडेच बांधलेला असतो. त्यांपैकी साधारण पहिली तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो, जे २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होते, आणि पुढची तीन वर्षे लवादाच्या हक्कामुळे, म्हणजे पगाराचा वाद त्रयस्थापुढे नेता येत असल्याने, त्याचा पगार दरवर्षी चढत जातो. कमी बजेटच्या संघाची खरी तिजोरी म्हणजे हीच सहा वर्षे. एका हंगामात सुमारे १८७ दिवस असतात आणि त्यांपैकी १७२ दिवस भरले की सेवेचे पूर्ण वर्ष धरले जाते, म्हणून एखाद्या गुणी तरुणाला एप्रिलमध्ये दोन-तीन आठवडे मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावरच्या स्पर्धेत, ठेवले तर संघाला त्याचा आणखी एक हंगाम मिळतो. शिकागो कब्ज हा काही गरीब संघ नव्हे, तरी २०१५ मध्ये क्रिस ब्रायंटला उशिरा बोलावल्यामुळे त्याचे १७१ दिवस भरले, म्हणजे नेमका एक दिवस कमी. खेळाडूवर हा अन्याय आहे असे मला वाटते. पण ज्यांच्यापाशी पैसा नाही त्यांनी एकेक दिवस का मोजावा, हेही यातून कळते.

टेम्पा बे रेज या संघावर माझा जीव आहे, म्हणून उदाहरण त्याचेच घेतो. १९९८ मध्ये सुरू झालेला हा संघ पहिल्या दहा हंगामांपैकी नऊ हंगामांत गटात तळाला राहिला. त्या हारींमुळे त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, वरचे क्रमांक मिळाले आणि २००६ मध्ये इव्हान लाँगोरिया, तर २००७ मध्ये डेव्हिड प्राइस हाती आले. २००८ मध्ये संघ थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या अंतिम मालिकेत, पोहोचला. मात्र जिंकू लागताच वरचे क्रमांक गेले, आणि घड्याळ थांबले नाही: प्राइसला २०१४ मध्ये, लाँगोरियाला २०१७ मध्ये आणि २०१८ चा साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) पुरस्कार मिळवणाऱ्या ब्लेक स्नेलला २०२० च्या वर्ल्ड सिरीजनंतर सुमारे दोन महिन्यांत दुसऱ्या संघांकडे पाठवावे लागले. मुद्दाम हरून पुन्हा वर येण्याची वाटही आता अरुंद झाली आहे, कारण २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिले सहा क्रमांक सोडतीने ठरतात.

त्यामुळे अशा संघाच्या ट्रेडचा, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीचा, निकाल त्याच दिवशी लावू नये. जुलै २०१८ मध्ये रेजने क्रिस आर्चर हा नावाजलेला पिचर पिट्सबर्ग पायरेट्सला देऊन टायलर ग्लासनाउ, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ हे तरुण घेतले. आर्चर पुढे फिका पडला आणि या तिघांनी टेम्पात नाव कमावले. पायरेट्सचेही बजेट तुटपुंजेच असल्याने ती एक चूक त्यांना फार जड गेली. याच ठिकाणी दोन जगांतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. बोस्टन रेड सॉक्सने पाब्लो सँडोव्हालशी ९ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला, २०१७ मध्ये करार संपण्याआधीच त्याला मोकळे केले, उरलेले पैसे सोसले आणि २०१८ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. श्रीमंत संघ चूक विकत घेऊ शकतो.

खेळाडूंखेरीज कार्यालयातील माणसेही मोजावीत. रेजची घडी बसवणारे अँड्र्यू फ्रीडमन २०१४ मध्ये डॉजर्सकडे गेले, आणि २०२० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्यांच्याच डॉजर्सने रेजला हरवले. अक्कल हे गरिबाचे भांडवल असले तरी तेही जास्त पगार देऊन नेता येते.

शेवटी लाचारी आणि कंजुषी यांत फरक करावा, कारण दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने ॲथलेटिक्स, मार्लिन्स, पायरेट्स आणि रेज या चार संघांविरुद्ध, वाटपातून मिळालेला पैसा संघ सुधारण्यासाठी नीट वापरला जात नसल्याची तक्रार दाखल केली होती. आपल्या संघाने वाटपाचा पैसा तरुणांना लवकर लांब करार देण्यात, नवे खेळाडू शोधणाऱ्या पथकात किंवा मायनर लीगच्या प्रशिक्षणात घातला की नाही, हे प्रत्येक हिवाळ्यात पाहावे, आणि तीन-चार हिवाळे यांतले काहीच दिसले नाही तर दोष केवळ शहराच्या आकारावर ढकलू नये.