मर्चंडाइज प्लॅनर व्हायचंय तर विक्रीच्या आधी स्टॉक बघायला शिका

रिटेल कंपनीत विकायला कुठला माल घ्यायचा ते बायर (कंपनीसाठी खरेदी करणारा) ठरवतो, आणि किती घ्यायचं, कधी मागवायचं, कुठल्या स्टोअरला किती पाठवायचं ते प्लॅनर. सांगायला जॉब एवढाच आहे, पण भांडणं इथूनच सुरू होतात कारण बायर मालाच्या प्रेमात असतो आणि प्लॅनरला त्याला सांगावं लागतं की बाबा, एवढा नाही खपणार. हे सांगायची ज्याला लाज वाटते किंवा ज्याला ते भांडल्याशिवाय सांगताच येत नाही, त्याला हे काम जड जातं.

डिग्रीचं फार टेन्शन घेऊ नका. कॉमर्स, स्टॅटिस्टिक्स, इंजिनिअरिंग, फॅशन मॅनेजमेंट, सगळीकडून लोक येतात. गणित म्हणाल तर बेरीज, वजाबाकी, भागाकार, टक्केवारी, पण ती झोपेतून उठवून विचारलं तरी आली पाहिजे. एक्सेल मात्र पक्कं हवं: पिव्होट, सम-इफ्स, इंडेक्स-मॅच किंवा एक्सलूकअप, आणि दुसऱ्याने बनवलेली किचकट शीट उघडून कुठला आकडा कुठून आला ते शोधायचा पेशन्स (हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत पण अर्धा दिवस यातच जातो). त्यानंतर थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून डेटा काढायची भाषा) शिकलात तर डेटासाठी दुसऱ्याच्या मागे मागे फिरावं लागत नाही.

जॉब शोधताना फक्त 'मर्चंडाइज प्लॅनर' टाकून सर्च केलं तर बहुतेक अनुभव मागणाऱ्याच जागा दिसतील. फ्रेशरने अ‍ॅलोकेशन अ‍ॅनालिस्ट, असिस्टंट प्लॅनर, मर्चंडाइज अ‍ॅनालिस्ट, इन्व्हेंटरी अ‍ॅनालिस्ट अशी नावं शोधा. डिमांड प्लॅनर जवळचाच आहे पण तो बऱ्याचदा सप्लाय चेनमध्ये बसतो आणि नगांमध्ये विचार करतो, मर्चंडाइज प्लॅनरला नग, पैसे आणि मार्जिन तिन्ही एकदम सांभाळावे लागतात. प्रत्येक कंपनी ही नावं आपापल्या सोयीने वापरते, त्यामुळे टायटल बघू नका, खाली काम काय लिहिलंय ते वाचा.

माझं मत विचाराल तर सुरुवात अ‍ॅलोकेशनमधूनच करा. काम कंटाळवाणं वाटतं, रोज उठून कुठल्या स्टोअरला कुठल्या साइझचे किती पीस, पण साइझ कर्व्ह (कुठला साइझ किती प्रमाणात खपतो) म्हणजे काय ते तिथेच कळतं. एकूण स्टॉक भरपूर दिसतो आणि नीट बघितलं तर सगळा एक्सएस आणि डबल एक्सएल, मधले साइझ कधीच संपलेत. वरच्या लेव्हलच्या रिपोर्टमध्ये हे कधीच दिसत नाही.

आता आकडे. पहिला ओपन टू बाय, सगळे ओटीबी म्हणतात. प्लॅन केलेली विक्री, अधिक मार्कडाउन (माल खपवायला किमतीत केलेली कपात), अधिक महिनाअखेरीस हवा असलेला स्टॉक, वजा महिन्याच्या सुरुवातीचा स्टॉक, वजा आधीच दिलेल्या ऑर्डरींपैकी या महिन्यात येणारा माल. समजा विक्री ४० लाख, मार्कडाउन ४ लाख, अखेरचा स्टॉक ९० लाख, सुरुवातीचा ८५ लाख आणि ऑर्डरवर ३० लाख, तर ओटीबी निघाला १९ लाख. म्हणजे बायरच्या हातात अजून तेवढीच खरेदी आहे. यात नेहमी होणारा घोळ म्हणजे ओटीबी विक्री किमतीत काढलेला असतो आणि ऑर्डर कॉस्टमध्ये (खरेदी किमतीत) टाकलेली असते, दोन्ही एकाच शीटमध्ये आले की आकडा गेला.

दुसरा वीक्स ऑफ सप्लाय. १,२०० पीस आहेत आणि आठवड्याला १५० विकतायत म्हणजे ८ आठवडे पुरतील. ठीक वाटतं ना? पण नवीन माल यायला १२ आठवडे लागत असतील आणि ऑर्डर अजून गेलीच नसेल तर ४ आठवडे रॅक रिकामा. म्हणून हा आकडा लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा वेळ) शेजारी ठेवल्याशिवाय वाचूच नका.

तिसरा जीएमआरओआय, म्हणजे ग्रॉस मार्जिन भागिले सरासरी स्टॉकची कॉस्ट. ६० टक्के मार्जिनचा माल वर्षातून एकदाच फिरतो (म्हणजे सरासरी स्टॉकएवढा माल वर्षात एकदाच विकला जातो) तर येतात १.५, आणि ३० टक्के मार्जिनचा सहा वेळा फिरतो तर साधारण २.६. नुसतं मार्जिन बघणारा पहिला माल उचलेल, प्लॅनरने दुसऱ्याची बाजू घ्यायला हवी.

सेल थ्रू सोपा आहे, आला किती त्यातला विकला किती. ५०० आले ३२० गेले म्हणजे ६४ टक्के. मात्र किती आठवड्यांत ते सांगितलं नाही तर त्याला काही अर्थ नाही.

आणि आता ती गोष्ट जी मला या कामात सगळ्यात महत्त्वाची वाटते: विक्री म्हणजे मागणी नाही. एखादी वस्तू पहिले दोन आठवडे शंभर-शंभर विकली, मग स्टॉक संपला आणि पुढचे दोन आठवडे शून्य. रिपोर्ट म्हणतो आठवड्याची सरासरी ५०. खरी मागणी १०० च्या आसपास होती, आणि पुढच्या वर्षी कुणी ५० धरून प्लॅन केला तर माल पुन्हा अर्ध्यातच संपणार आणि रिपोर्ट पुन्हा सांगणार की बघा, आम्ही म्हटलंच होतं की मागणी कमी आहे. उलटही होतं, मोठ्या डिस्काउंटवर खपलेला माल बघून पुढच्या वर्षी तेवढाच पूर्ण किमतीत खपेल असं धरतात. जुन्या आकड्याला हात लावायच्या आधी तेव्हा स्टॉक होता का आणि किंमत काय होती हे विचारायची सवय लावा.

याची प्रॅक्टिस घरबसल्या करता येते. यूसीआयच्या (कॅलिफोर्निया विद्यापीठ, अर्व्हाइन) साइटवर 'ऑनलाइन रिटेल' नावाचा डेटासेट फुकट आहे, डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०११ चे पाच लाखांवर व्यवहार, त्यात रद्द झालेल्या ऑर्डरी सी ने सुरू होणाऱ्या बिल नंबरखाली असतात, आधी त्या वेगळ्या करा. त्यापेक्षा मोठं काही हवं तर कॅगल या डेटा स्पर्धांच्या साइटवर २०२० च्या एम५ या विक्रीचा अंदाज बांधायच्या स्पर्धेसाठी दिलेला वॉलमार्टचा डेटा आहे, १० स्टोअर, ३,०४९ वस्तू, रोजची विक्री आणि किमती. दोन्हीत स्टॉकचा कॉलम नाही! म्हणजे शून्य दिसलं तर ते मागणी नव्हती म्हणून की माल नव्हता म्हणून, हे तुम्हालाच ताडावं लागतं. एक कॅटेगरी घ्या, पुढच्या तीन महिन्यांचा विक्री प्लॅन करा, स्टॉकचे आकडे स्वतः धरा, ओटीबी काढा आणि पानभर लिहा की कुठला आकडा का धरला. इंटरव्ह्यूला हे पान सर्टिफिकेटपेक्षा जास्त कामाला येतं.

रिटेल कॅलेंडरही समजून घ्या. अमेरिकेत नॅशनल रिटेल फेडरेशनचं ४-५-४ कॅलेंडर चालतं, महिने चार, पाच, चार आठवड्यांचे, म्हणजे या वर्षीच्या महिन्याची गेल्या वर्षीशी तुलना करताना शनिवार-रविवार सारखे येतात. पण ५२ आठवड्यांचे ३६४ दिवसच होतात, म्हणून दर पाच-सहा वर्षांनी ५३ वा आठवडा येतो. २०२३ मध्ये आला होता, आणि मग २०२४ ची तुलना करताना आठवडे एकाने सरकले. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात: ओरॅकल रिटेल, ब्लू योंडर, एसएपी, अ‍ॅनाप्लॅन, ओ९, जिथे जाल तिथे वेगळं असेल आणि तिथेच शिकाल. त्यासाठी आधी पैसे भरून कोर्स करायची गरज मला तरी वाटत नाही.

इंटरव्ह्यूत बऱ्याचदा एक्सेल टेस्ट देतात, विक्री-स्टॉकचा टेबल आणि काय करशील ते सांग. लगेच फॉर्म्युले मारत सुटू नका. आधी कुठली वस्तू कमी पडतेय, कुठली तुंबलीये ते सांगा, मग निर्णय: परत मागवणार, स्टोअर-टू-स्टोअर ट्रान्सफर, ऑर्डर पुढे ढकलणार की मार्कडाउन. तुंबलेल्या मालाला लवकर दिलेला छोटा डिस्काउंट सीझनच्या शेवटच्या मोठ्या डिस्काउंटपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडतो, का ते आकड्यानिशी सांगता आलं तर समोरचा सरळ होऊन बसतो. 'बायर ऐकत नसेल तर काय करशील' हाही प्रश्न ठरलेला. मॅनेजरकडे जाईन म्हणू नका, दोन सिनॅरिओ मांडेन म्हणा, एक त्याच्या आकड्याने, एक तुमच्या, आणि प्रत्येकात सीझनअखेर किती माल उरतो ते.

तुमची पाळी आली की तुम्हीही विचारा, ओटीबीवर शेवटची सही कोणाची असते, आणि सोमवारच्या ट्रेडिंग मीटिंगला (गेल्या आठवड्याच्या विक्रीचा आढावा) ज्युनियर बसतात का. बसत असतील तर तिथे घ्या, पगार थोडा कमी असला तरी.