स्नोफ्लेकवर डीबीटी बसवताना: डेटा टीममध्ये नव्याने आलेल्यांसाठी

ऐरोली, पवई किंवा बीकेसीतल्या ऑफिसात डेटा टीममध्ये रुजू झालं की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात हे काम हमखास वाट्याला येतं: "स्नोफ्लेकचं अकाउंट आहे, त्यावर डीबीटी बसवून दे." स्नोफ्लेक म्हणजे क्लाउडवर चालणारं माहितीचं गोदाम, आणि डीबीटी म्हणजे त्या गोदामातली टेबलं बनवण्याचं काम आपोआप करणारं सॉफ्टवेअर. तुम्ही फक्त सिलेक्ट क्वेरी लिहायची. टेबल तयार करणं, कोणतं आधी आणि कोणतं नंतर ते ठरवणं, चाचण्या घेणं, माहितीपत्रक बनवणं हे सगळं ते बघतं. बसवायला तासभर पुरतो. पण रीजन (सर्व्हर कुठल्या ठिकाणचे), रोल (परवानग्यांचा गठ्ठा) आणि वेळेचं क्षेत्र या तीन गोष्टी आधी ठरवल्या नसतील, तर पुढचे कित्येक आठवडे दुरुस्तीत जातात. म्हणून सुरुवात पहिल्या दोन्हींपासून, वेळेचा भाग पुढे येतो.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. पुस्तकात 'डेटा वेअरहाउस' म्हणजे माहितीचं गोदाम. स्नोफ्लेकमध्ये मात्र 'वेअरहाउस' म्हणजे क्वेरी चालवणारं यंत्रबळ. माहिती साठते डेटाबेसमध्ये, आणि वेअरहाउस चालू असेल तितक्या वेळाचं बिल लागतं. खाली हा शब्द याच अर्थाने येईल.

रीजन

अकाउंट उघडतानाच क्लाउड आणि रीजन निवडावं लागतं. एकदा अकाउंट बनलं की त्याचं रीजन बदलता येत नाही. नवं अकाउंट काढून सगळं तिकडे हलवावं लागतं. भारतात ॲमेझॉनचं मुंबई रीजन आहे, ते २०१६ पासून चालू आहे, आणि मायक्रोसॉफ्ट अझ्युअरचं सेंट्रल इंडिया रीजन पुण्यात आहे. मुंबईत बँका आणि पेमेंट कंपन्यांची कामं जास्त, आणि रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकानुसार पेमेंट व्यवहारांची माहिती भारतातच साठवायची असते. तेव्हा असा प्रोजेक्ट असेल तर रीजन स्वतः निवडू नका, कंप्लायन्सवाल्यांकडून लेखी घ्या. सरावासाठी ३० दिवसांचं मोफत ट्रायल अकाउंट मिळतं, त्यात ४०० डॉलरचं क्रेडिट असतं. तेही मुंबई रीजनमध्येच उघडा, म्हणजे सराव आणि खरं काम एकाच पद्धतीचं राहील.

रोल

रोलचं चित्र कागदावर काढा. लहान प्रोजेक्टला तीन रोल पुरतात: माहिती आत आणणारा, तिच्यावर प्रक्रिया करणारा म्हणजे डीबीटीचा, आणि रिपोर्ट वाचणारा. डेटाबेसही तीन: कच्चा माल, डेव्हलपमेंट, प्रॉडक्शन. डीबीटीच्या रोलला वेअरहाउसवर युसेज, म्हणजे वापरायची परवानगी, द्या. कच्च्या डेटाबेसवर आणि त्यातल्या स्कीमांवर (डेटाबेसातले टेबलांचे कप्पे) युसेज, टेबलांवर सिलेक्ट द्या. उरलेल्या दोन डेटाबेसवर युसेज आणि क्रिएट स्कीमा. सिलेक्ट देताना 'ऑल टेबल्स'सोबत 'फ्यूचर टेबल्स'ही द्यायचं, नाहीतर उद्या आलेलं नवं टेबल डीबीटीला दिसणार नाही. यात एक बारीक खोच आहे. डेटाबेस पातळीवर फ्यूचर ग्रँट (पुढे येणाऱ्या टेबलांसाठीची परवानगी) दिलं असेल आणि एखाद्या स्कीमावर त्याच प्रकारच्या टेबलांसाठी वेगळं फ्यूचर ग्रँट असेल, तर त्या स्कीमापुरतं डेटाबेसवरचं दुर्लक्षिलं जातं. दोन्हींपैकी एकच पद्धत धरा.

घाई आहे म्हणून सर्वाधिकार असलेल्या अकाउंटॲडमिन रोलने डीबीटी चालवण्याचा मोह होतो. तो टाळाच. जी टेबलं बनतील त्यांची मालकी त्या रोलकडे जाते आणि नंतर डीबीटीच्या खऱ्या रोलने तीच टेबलं पुन्हा बनवायला घेतली की परवानगी नाही असं उत्तर येतं. मग एकेका टेबलाची मालकी बदलत बसावं लागतं.

'डझ नॉट एक्झिस्ट ऑर नॉट ऑथोराइज्ड' हा संदेश नव्या लोकांचा सगळ्यात जास्त वेळ खातो. टेबल नसलं तरी हाच, आणि टेबल असून परवानगी नसली तरी हाच. स्पेलिंग तपासत बसण्याआधी डीबीटीच्या रोलने लॉगिन करून तीच क्वेरी स्नोफ्लेकच्या पडद्यावर चालवा. तिथेही अडली, तर त्या रोलला कोणती ग्रँट दिलीत ते 'शो ग्रँट्स'ने बघा.

युजर आणि किल्ली

सर्व्हरवर चालणाऱ्या डीबीटीसाठी वेगळा युजर करा आणि त्याचा प्रकार 'सर्व्हिस' ठेवा. या प्रकाराला पासवर्डने आत येता येत नाही, म्हणून किल्लीची जोडी वापरा. ओपनएसएसएलने २०४८ बिटची आरएसए खासगी किल्ली पीकेसीएस८ स्वरूपात बनवा आणि तिच्यापासून सार्वजनिक किल्ली काढा. सार्वजनिक किल्ली युजरला जोडताना फाइलीतली पहिली 'बिगिन' आणि शेवटची 'एंड' ओळ गाळून मधला मजकूर सलग चिकटवायचा. खासगी किल्ली गिटमध्ये कधीही टाकू नका. सर्व्हरवर ती फाइल फक्त त्या युजरला वाचता येईल अशी ठेवा.

'जेडब्ल्यूटी टोकन इज इनव्हॅलिड' असं आलं तर बहुतेक वेळा दुसऱ्याच जोडीची किल्ली जोडलेली असते, किंवा युजरचं वा अकाउंटचं नाव चुकलेलं असतं. क्वचित सर्व्हरचं घड्याळ मागे-पुढे असतं. स्नोफ्लेक जोडलेल्या किल्लीचा ठसा 'डिस्क्राइब युजर'मध्ये दाखवतं. तुमच्या किल्लीचा ठसा काढून दोन्ही ताडून पाहिलं की पहिल्या कारणाचा निकाल लागतो.

प्रत्यक्ष बसवणं

डीबीटी पायथनवर चालतं. नुकतीच बाहेर पडलेली पायथन आवृत्ती घेऊ नका, डीबीटीचा पाठिंबा तिला उशिरा मिळतो. प्रोजेक्टसाठी स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा आणि त्यात पिपने दोन पॅकेजं घ्या: डीबीटी-कोअर आणि डीबीटी-स्नोफ्लेक. १.८ आवृत्तीपासून दोन्हींची नावं स्वतंत्र द्यायची आहेत. एक घेतलं की दुसरं योग्य आवृत्तीचं आपोआप येईल असं गृहीत धरू नका. आवृत्त्या रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये नेमक्या लिहून ठेवा, कारण टीममधल्या दोघांकडे वेगळ्या आवृत्त्या असल्या की एकाकडे चालणारं मॉडेल (डीबीटीतली टेबल बनवणारी एक सिलेक्ट क्वेरी) दुसऱ्याकडे पडतं.

मोठ्या कंपन्यांच्या नेटवर्कवर पिप इथेच अडतं: 'सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड'. कंपनीचा प्रॉक्सी मधल्या मध्ये सर्टिफिकेट बदलतो आणि पायथन त्याला ओळखत नाही. आयटीकडून कंपनीचं रूट सर्टिफिकेट मागून घ्या आणि पिपला त्याचा पत्ता द्या. तपासणीच बंद करून टाकायचा सल्ला कुणीतरी देईल. तो बँकेच्या नेटवर्कवर तर अजिबात ऐकू नका.

पुढचा अडथळा जास्त फसवा असतो. लॉगिन होतं, छोट्या क्वेरी धावतात, आणि मोठं उत्तर आणायला गेलं की सगळं ठप्प. कारण असं की छोटं उत्तर स्नोफ्लेकच्या पत्त्यावरूनच येतं, पण मोठं उत्तर थेट क्लाउडच्या साठवणीतून, म्हणजे ॲमेझॉनवर असाल तर एसथ्रीमधून, उतरवलं जातं. फायरवॉलमध्ये फक्त स्नोफ्लेकचा पत्ता उघडलेला असतो. स्नोफ्लेकमध्ये 'सिस्टिम डॉलर अलाउलिस्ट' हे फंक्शन चालवलं की लागणारे सगळे पत्ते आणि पोर्ट मिळतात. ४४३ सोबत ८० पोर्टही त्यात असतं, ते सर्टिफिकेट रद्द झालंय का हे तपासण्यासाठी लागतं. ती यादी जशीच्या तशी नेटवर्क टीमला पाठवा. तोंडी सांगितलेलं अर्धवट उघडलं जातं.

आता प्रोफाइल्सची वायएमएल फाइल, म्हणजे स्नोफ्लेकशी जोडणीची माहिती. डीबीटी ती आधी चालू फोल्डरमध्ये शोधतं, मग होम फोल्डरातल्या डीबीटीच्या लपलेल्या फोल्डरमध्ये. अकाउंटच्या रकान्यात फक्त ओळख द्यायची: संस्थेचं नाव, हायफन, अकाउंटचं नाव. त्यानंतरचं 'स्नोफ्लेककंप्युटिंग डॉट कॉम' आणि त्याआधीचं 'एचटीटीपीएस' नको. ओळी सरकवायला टॅब चालत नाही, दोन-दोन स्पेस द्या. प्रोजेक्टच्या फाइलीत प्रोफाइलचं जे नाव आहे तेच इथे हवं. थ्रेड्स ४ ठेवा. थ्रेड्स म्हणजे एका वेळी किती मॉडेलं सोडायची तो आकडा. तो ३२ केला म्हणून काम आठपट वेगाने होत नाही. स्नोफ्लेकच्या वेअरहाउसची एकाच वेळी क्वेरी घेण्याची मूळ पातळी ८ असते, त्यापुढच्या क्वेरी रांगेत थांबू शकतात.

मग 'डीबीटी डीबग' चालवा. शेवटी 'ऑल चेक्स पास्ड' दिसलं की जोडणी झाली, एवढाच त्याचा अर्थ. ही तपासणी एक किरकोळ सिलेक्ट क्वेरी चालवते, टेबल बनवायची परवानगी आहे का ते बघत नाही. ती खात्री एक साधं मॉडेल लिहून 'डीबीटी रन' केल्यावरच होते. त्या वेळी स्कीमाचं नाव बघून दचकू नका: मॉडेलला 'फायनान्स' अशी स्कीमा दिली तरी टेबल प्रोफाइलमधल्या स्कीमाचं नाव, अंडरस्कोअर आणि मग 'फायनान्स' अशा जोडनावाच्या स्कीमात जातं. ही डीबीटीची मूळ रीत आहे, दोन डेव्हलपर एकमेकांच्या टेबलांवर पाय देऊ नयेत म्हणून. प्रॉडक्शनला नुसतं 'फायनान्स' हवं असेल तर स्कीमाचं नाव बनवणारा मॅक्रो (पुन्हा वापरता येणारा कोडचा तुकडा) आपल्या प्रोजेक्टमध्ये लिहावा लागतो.

वेळ: इथे सावकाश वाचा

स्नोफ्लेक अकाउंटचं मूळ वेळक्षेत्र लॉस एंजेलिसचं असतं, अकाउंट मुंबई रीजनमध्ये असलं तरीही. मुंबई तिथल्या उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास पुढे. म्हणजे सकाळी दहाला ऑफिसात बसून 'करंट डेट' विचारली तर स्नोफ्लेक कालची तारीख सांगतं. 'आजची विक्री' हा रिपोर्ट दुपारपर्यंत कालचे आकडे दाखवतो आणि जेवणानंतर आपोआप बरोबर होतो. तक्रार सकाळी येते, तुम्ही दुपारी तपासता, काहीच सापडत नाही.

उपाय सोपा आहे. अकाउंटॲडमिनकडून अकाउंटचं वेळक्षेत्र 'एशिया/कोलकाता' करून घ्या. अकाउंट इतर देशांतल्या टीमसोबत वाटून वापरत असाल तर निदान डीबीटीच्या युजरवर ते लावा. रिपोर्ट वाचणाऱ्या युजरवरही लावायचं, हे विसरलं जातं.

पण त्याने साठवलेली वेळ सुधारत नाही. समजा १ एप्रिल लागल्यावर रात्री १२ वाजून २० मिनिटांनी दादरच्या दुकानात यूपीआय पेमेंट झालं आणि स्रोत प्रणाली यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) पाठवते. नोंद होईल ३१ मार्च, १८:५०. यावरून थेट आर्थिक वर्ष काढलं तर हे पेमेंट मागच्या वर्षात जाईल आणि ताळेबंदाशी जुळणार नाही. आधी वेळ बदला, मग वर्ष काढा. 'कन्व्हर्ट टाइमझोन' फंक्शनला तीन गोष्टी द्या: यूटीसी, एशिया/कोलकाता आणि रकाना. दोनच दिल्या तर क्षेत्र नसलेली वेळ सेशनच्या क्षेत्रातली मानली जाते. बदललेल्या तारखेतून ३ महिने वजा करून वर्ष घेतलं की एप्रिल ते मार्चचं वर्ष बरोबर मिळतं. हे एकाच मॅक्रोमध्ये लिहा आणि सगळ्या मॉडेलांना तोच वापरायला लावा. डीबीटी स्वतः रन सुरू झाल्याची वेळ यूटीसीत देतं, हेही ध्यानात असू द्या.

पहिल्या महिन्यात काय मोडतं

टेबल प्रकारचं मॉडेल प्रत्येक रनला टेबल नव्याने बनवतं, आणि जुन्या टेबलावरच्या ग्रँट त्याबरोबर जातात. काल पॉवर बीआयमध्ये दिसणारा रिपोर्ट आज परवानगी नाही म्हणतो. रिपोर्टच्या रोलला फ्यूचर ग्रँट द्या किंवा डीबीटीच्या प्रोजेक्ट फाइलीत ग्रँट्स लिहून ठेवा. दर सकाळी हाताने ग्रँट देणारी टीम लवकरच एखादं टेबल विसरते.

इन्क्रिमेंटल, म्हणजे दर रनला फक्त नवा तुकडा घेणाऱ्या, मॉडेलमध्ये युनिक की (ओळीची ओळख पटवणारा रकाना) दिली की डीबीटी मर्ज वापरतं: जुळलेली ओळ बदलतं, नसलेली जोडतं. टेबलात आधीच असलेली की नव्या तुकड्यात दोनदा आली तर स्नोफ्लेक 'डुप्लिकेट रो डिटेक्टेड' म्हणून थांबतं. हे थांबणं चांगलंच आहे. की रिकामी म्हणजे नल असली तर मात्र मर्ज जुळत नाही आणि दर रनला नवी ओळ निमूट वाढत जाते. म्हणून की असलेल्या प्रत्येक रकान्यावर 'युनिक' आणि 'नॉट नल' या दोन्ही चाचण्या लावा. नुसती 'युनिक' नलला पकडत नाही. माहिती उशिरा येत असेल तर फक्त शेवटच्या वेळेनंतरचं न घेता मागचे ३ दिवस पुन्हा घ्या.

सीड फाइलीत (डीबीटी जिचं टेबल बनवतं ती सीएसव्ही फाइल) बँक खाते क्रमांक असतील तर रकान्याचा प्रकार मजकूर असा स्पष्ट लिहा. नाहीतर डीबीटी त्याला आकडा समजतं आणि सुरुवातीची शून्यं गळतात.

डीबीटी स्नोफ्लेकवर टेबलं मुळात ट्रान्झियंट बनवतं. अशा टेबलाला फेलसेफचे (गेलेली माहिती स्नोफ्लेककडून परत मिळण्याच्या मुदतीचे) ७ दिवस मिळत नाहीत आणि टाइम ट्रॅव्हल (टेबलाची जुनी अवस्था बघण्याची सोय) जास्तीत जास्त १ दिवस. पुन्हा बनवता येणाऱ्या टेबलांना हे योग्यच. जे पुन्हा बनवता येत नाही, उदाहरणार्थ इन्क्रिमेंटलमध्ये साठलेला जुना इतिहास, तिथे ट्रान्झियंट बंद करा.

खर्चाचं गणित हाताने एकदा मांडून बघाच. एक्स-स्मॉल वेअरहाउस तासाला १ क्रेडिट (स्नोफ्लेकच्या बिलाचं एकक) घेतं, पुढच्या प्रत्येक आकाराला दुप्पट. बिल सेकंदाने, पण दर वेळी जागं झाल्यावर किमान ६० सेकंदांचं. दर ५ मिनिटांनी १० सेकंदांची क्वेरी टाकणारा डॅशबोर्ड आणि ६०० सेकंदांचं ऑटो सस्पेंड (इतका वेळ काम नसलं की आपोआप झोपणं) असेल, तर वेअरहाउस कधी झोपतच नाही: दिवसाला २४ क्रेडिट. ऑटो सस्पेंड ६० केलं की तेच काम ६ क्रेडिटांच्या आसपास होतं. रिसोर्स मॉनिटर (क्रेडिटच्या खर्चावर मर्यादा घालणारा) लावा आणि तो वेअरहाउसला जोडलाय का तेही बघा. नुसता बनवून ठेवलेला मॉनिटर काहीच थांबवत नाही.

राहिलं वेळापत्रक. डीबीटी-कोअरला स्वतःचं वेळापत्रक नाही, ठरल्या वेळी काम चालवणारं क्रॉन किंवा एअरफ्लो लागतं. क्लाउडमधल्या सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं. मुंबईत पहाटे २ ला चालवायचं तर क्रॉनमध्ये आदल्या दिवशीचे २०:३० लिहावे लागतात, आणि सोमवारचं काम रविवारच्या नावे. दर महिन्याच्या १ तारखेचं काम तर साध्या क्रॉनमध्ये नीट मांडताच येत नाही, कारण यूटीसीत ते आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी येतं, आणि तो दिवस कधी २८, कधी ३१. एअरफ्लोमध्ये डॅगला (कामांच्या साखळीला) वेळक्षेत्र देता येतं, स्नोफ्लेकच्या टास्कमध्येही क्रॉनच्या शेवटी 'एशिया/कोलकाता' लिहिता येतं. मासिक कामं तिकडेच ठेवा.