छोटा ई-रीडर घ्यायचा की नाही, हे घरबसल्या कसं ठरवाल

ई-रीडर, म्हणजे फक्त पुस्तकं वाचायचं हातात मावणारं यंत्र, घ्यायचं मनात आलं की माणूस आधी यंत्रांची तुलना करणारे व्हिडिओ बघायला बसतो. ते राहू दे. एक कागद घ्या आणि येत्या पावसाळ्यात वाचायची आहेत अशा दहा पुस्तकांची नावं लिहा. वाचायला हवीत अशी नव्हेत, खरोखर वाचणार आहात ती. प्रत्येक नावापुढे ते पुस्तक कोणत्या रूपात मिळतंय तेही लिहा. इंग्रजी वाचणाऱ्याला एवढा उपद्व्याप करावा लागत नाही. मराठी वाचणाऱ्याचं घोडं मात्र नेमकं इथेच पेंड खातं.

मी पणजीत मुद्रितशोधनाचं काम करते, राहते साखळीला. रोज कदंबच्या सरकारी बसने जाणं-येणं, पिशवीत डबा, छत्री आणि पुस्तक. त्यामुळे मला रीडर हवाच होता. सहा इंची घेतला, वापरतेही. तरी कचेरीत कुणी “ताई, घेऊ का मी पण?” असं विचारलं की मी आधी हा कागद लिहायला लावते.

कागदावर छापील सोडून चार प्रकार दिसतील. किंडल या ॲमेझॉनच्या ई-रीडरच्या ऑनलाइन दुकानात मराठी ई-पुस्तकं २०१६ पासून मिळतात. ती किंडलवर नीट वाचता येतात. विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहातली स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं ईपब रूपात, म्हणजे अक्षर लहानमोठं करता येईल अशा फाइलीत, उतरवून घेता येतात, तीही चालतात. बुकगंगा या ऑनलाइन पुस्तकविक्रेत्याची ई-पुस्तकं त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, म्हणजे त्यासाठी कागदासारख्या ई-इंक पडद्याचा, अँड्रॉइडवर चालणारा रीडर लागेल, साधा किंडल नाही चालणार. चौथा प्रकार पीडीएफचा: जुन्या पुस्तकांचे स्कॅन, ई साहित्य प्रतिष्ठानची मोफत पुस्तकं, झालंच तर एखादा दिवाळी अंक. तुमच्या दहांतली सहा-सात पुस्तकं या चौथ्या प्रकारातली निघाली, तर पाकीट अजून खिशातच ठेवा.

पीडीएफचं पान म्हणजे चित्र समजा. ते रुंदीला बसवायचं तर अख्खं लहान करावं लागतं. डेमी आकाराचं नेहमीचं मराठी पुस्तक साडेपाच इंच रुंद असतं, म्हणजे १४ सेंटिमीटर. रीडरचे ‘सहा इंच’ कर्णाचे. पडद्याची रुंदी जेमतेम ९ सेंटिमीटर. अख्खं पान बसवलं तर १२ पॉइंटांचं (पॉइंट हे अक्षराच्या आकाराचं माप) अक्षर ८ पॉइंटांच्याही खाली जातं. चारी बाजूंचे समास कापले तर ते साधारण १० पर्यंत राहतं, आणि १० पॉइंट वाचता येतात. आता खिशात मावणारे ४.३ इंची रीडर आलेत, त्यांची रुंदी साडेपाच-सहा सेंटिमीटर. तिथे समास कापूनही अक्षर ६ पॉइंटांवर येतं. एवढ्या आकारात औषधाच्या खोक्यावरच्या सूचना छापतात. कादंबरी वाचायची म्हटली तर डोळ्यांची वाटच लागेल.

हे घरी तपासता येतं. तीच पीडीएफ फोनवर उभी धरून, मोठी न करता पाच पानं वाचा. फोनचा पडदा त्या चार इंचीपेक्षा रुंद असतो. फोनवरच कंटाळलात, तर त्या पिटुकल्या यंत्राचा विचार सोडून द्या.

“मग पीडीएफचं ईपब करून घेऊ, त्यासाठी कॅलिबर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं,” असं सांगणारे पुष्कळ भेटतात. कॅलिबर उत्तमच आहे, पण आपल्याकडची कितीतरी पुस्तकं युनिकोडच्या (अक्षरं साठवायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टांत जुळवलेली आहेत. पडद्यावर सुबक मराठी दिसतं, आत मात्र भलत्याच अक्षरांचा गोंधळ. पीडीएफमधली एक ओळ निवडून निरोपाच्या चौकटीत चिकटवून बघा. मराठी उमटलं तर रूपांतराची आशा आहे. इंग्रजी अक्षरं नि चिन्हांची खिचडी आली तर नाही. ओळ निवडताच आली नाही तर तो निव्वळ स्कॅन.

दुसरी परीक्षा माझ्या धंद्यातली. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते अक्षराच्या नंतर आणि दिसावी लागते आधी. जोडाक्षरंही यंत्राला जुळवून दाखवावी लागतात. किंडलला हे जमतं. स्वस्त, छोट्या यंत्रांवर सोपं सॉफ्टवेअर असतं, तिथे हे गृहीत धरू नका. ज्याच्याकडे ते यंत्र आहे त्याला ‘विद्यार्थ्यांच्या, वाऱ्यावर, क्लृप्ती, ॲप’ एवढे चार शब्द उघडून फोटो पाठवायला सांगा. वेलांटी चुकीच्या जागी दिसली किंवा ‘वाऱ्यावर’मधला र मोडला, तर ते यंत्र इंग्रजी वाचणाऱ्यांना लखलाभ. मला तर पहिल्याच पानावर लाल पेन शोधावंसं वाटेल.

ई-इंक पडद्याबद्दल थोडक्यात. काळ्या-पांढऱ्या भारित कणांनी अक्षर उमटतं आणि वीज न घेता तसंच राहतं. वीज लागते ती पान उलटताना, शिवाय दिवा नि वायफायला. म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडे निघतात, आणि बसच्या खिडकीतलं ऊन पडलं तरी अक्षर फिकं पडत नाही. मात्र दिवा आहे का ते विचारूनच घ्या. अगदी छोट्या काहींना तो नसतो, आणि जुलैत संध्याकाळी पाचलाच बसमध्ये अंधारून येतं.

सासूबाईंना ज्ञानेश्वरी वाचायला द्यावा का, असंही विचारतात. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं हे खरं, पण अरुंद पडद्यावर ओवीचा चरण दोन-तीन ठिकाणी मोडतो. त्यांना मोठ्या टायपातली छापील प्रतच आणून द्या.

पैशांचा हिशेब रोखठोक करा. समजा यंत्र १२ हजारांचं आणि छापील प्रतीपेक्षा ई-पुस्तकामागे १०० रुपये वाचतात, तर १२० पुस्तकांनंतर पैसे वसूल. वर्षाला दहा वाचणाऱ्याने हे गणित करूच नये. पणजीला रोज जाणं असेल तर पाटोवर, कदंब स्टँडपासून चालत जाता येईल अशा अंतरावर, कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, १८३२ पासूनची परंपरा असलेलं. आधी तिथलं सभासदत्व घ्या. मी रीडर घेतला तो बचतीसाठी नव्हे; पिशवी हलकी व्हावी आणि घरातल्या कपाटात पावसाळ्यात धरणाऱ्या बुरशीला खाद्य कमी मिळावं म्हणून.

घ्यायचं ठरलंच तर कडक पाठीचं कव्हर त्याच दिवशी मागवा. बहुतेक रीडरांच्या पडद्यात पातळ काच असते आणि गर्दीच्या बसमध्ये डब्याचा कोपरा दाबला गेला की ती आतून तडकते. किंडलचाच महागडा भाऊ पेपरव्हाइट पाण्यात टिकेल असा बनवलेला आहे, साधा किंडल तसा नाही. त्याला पावसात प्लास्टिकची पिशवी हवीच. घरी आल्यावर कागदावरच्या दहांतली निदान तीन पुस्तकं, त्यात एक पीडीएफ, लगेच चढवून वाचा. परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं आणि पावती जपून ठेवा.